स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार

जुन्या घरात हाती आलेला पैसा प्रथम कोठे खर्च होतो हे पाहू गेल्यास सर्वत्र एकच क्रम आढळतो. ओसरीला रंग मिळतो, बैठकीला नवे पडदे मिळतात, अंगणात फरशी येते. स्वयंपाकघराची पाळी मात्र 'पुढल्या वर्षी' असते, आणि ते पुढले वर्ष पंचवीस वर्षे पुढेच राहते. यात कोणाचा दुष्टपणा असतो असे नव्हे. पाहुणा ओसरीवर बसतो, चुलीपाशी येत नाही. आणि ज्या बायका तेथे उभा जन्म काढतात त्यांना 'चालले आहे' असे म्हणण्याची सवय जडलेली असते. या दोन शब्दांनी आपल्या घरांतील जितकी कामे अडविली आहेत तितकी पैशाच्या टंचाईनेही अडविली नसतील.

आम्ही दोघी जावा. बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेकाठी मेहकर म्हणून गाव आहे. तेथील जुन्या वस्तीत आमचे सासर. घरात लहानमोठी दहा माणसे: सासूबाई, चुलत सासूबाई (यांना सारे घर काकू म्हणते), दोघे भाऊ, आम्ही दोघी व चार मुले. आमच्यातील थोरली शाळेत शिकविते, धाकटी घर पाहते. शेती थोडी आहे. पाऊस वेळेवर आला तर सोयाबीन आणि तूर यांतून वर्षाअखेर चार पैसे शिल्लक पडतात. गेल्या हंगामात अशी शिल्लक पडली, तेव्हा १,४०,००० रुपये स्वयंपाकघरास द्यावयाचे असे ठरले. त्यापलीकडे एक रुपयाही नाही, हेही त्याच दिवशी ठरले. कारण थोरली मुलगी पुढील शिक्षणासाठी अमरावतीस जावयाची होती, आणि तिची फी व वसतिगृहाचा खर्च यांची रक्कम निराळी बांधून ठेवणे भाग होते. पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे या मर्यादेत घडलेले आहे. ज्यांना अशी मर्यादा नाही त्यांना यातून घेण्यासारखे थोडेच सापडेल. परंतु तशी घरे आमच्या वाचकांत फार असतील असे वाटत नाही.

आमचे घर धाब्याचे आहे. वऱ्हाडाबाहेरील भगिनींसाठी सांगावयाचे तर, सागवानी तुळयांवर लाकडे अंथरून त्यांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर म्हणजे धाबे. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात रुंदीच्या. वैशाखात बाहेर पारा चाळीस अंशांपलीकडे गेला तरी आत बरा गारवा असतो. उजेड मात्र बेताचा. स्वयंपाकघर माजघराच्या मागे, त्यास पूर्वेची एकच लहान खिडकी. चुलीच्या काळी धूर जावा म्हणून धाब्यास एक झरोका होता. गॅस आल्यावर पावसाचे पाणी येते म्हणून तो पत्रा ठोकून बंद करण्यात आला. पुढे १९८८ साली भिंतीलगत ओटा बांधला गेला. त्याची उंची ३६ इंच. ही उंची कोणी ठरविली असे विचारले, तर सासूबाई सांगतात, "गवंड्याने." गवंडी चांगला पावणेसहा फुटांचा होता, घरातील एकही बाई पाच फूट दोन इंचांहून उंच नाही. त्या ओट्यावर शेगडी, शेगडीवर कुकर, आणि कुकरात डोकावण्यासाठी टाचा उचललेली सून, असे चित्र आमच्या घरात छत्तीस वर्षे दिसत होते.

प्रथम रीतीप्रमाणे शहरातून एक कंत्राटदार बोलाविला. माणूस सभ्य होता, हुशारही होता. त्याने भिंती मोजल्या. माणसे मोजली नाहीत. दोन दिवसांनी त्याने फोनवर रंगीत चित्रे पाठविली: काटकोनात वळलेला चकचकीत ओटा, वर टांगलेली कपाटे, खाली सरकते खण, आणि काळ्या तुळया झाकून टाकणारे खोटे छत. खर्च ३,८५,००० रुपये. हप्त्यांची सोय होती. घरातील पुरुषमंडळींना चित्र फार आवडले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही आवडले. काकूंनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले व एकच प्रश्न केला, "यात बसायचे कोठे?" कंत्राटदार हसून म्हणाला, "आजी, आता सगळे उभ्यानेच करतात." त्यावर काकू काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र त्यांनी सासूबाईंना सांगितले, "मी आपली आता देवघरातच बसत जाईन."

काकू १९६२ साली या घरात लग्न होऊन आल्या. आज त्यांचे वय ८१ वर्षांचे आहे. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हते. या घरातील पंगती, कुळाचार, बाळंतपणे आणि आजारपणे त्यांच्याच हातांखालून गेली आहेत. उभे राहून स्वयंपाक करणे त्यांना कधी जमले नाही. गुडघे दुखू लागल्यापासून जमिनीवरून उठणे कठीण झाले, तरी सकाळी पाटावर बसून भाजी निवडणे, धान्य पाखडणे, पाट्यावर चटणी वाटणे, लोणी काढणे ही कामे त्या करीतच होत्या. 'देवघरातच बसेन' या वाक्याचा अर्थ आम्हां दोघींना त्या रात्रीच कळला. ज्या खोलीवर साठ वर्षे राज्य केले ती खोली आपण होऊन सोडून देण्याचे ते वाक्य होते. आणि ते आम्ही काही दिवस ऐकून घेतले असते तर 'काकूंनाच आता नको आहे' असे सांगण्यास सारे घर मोकळे झाले असते.

ज्यास आज मॉड्युलर किचन म्हणतात त्याचे मूळ कोठे आहे हे या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची मोठी टंचाई पडली. फ्रांकफुर्ट शहरात सामान्य कुटुंबांसाठी घरे बांधली जात असता, मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या स्थापत्यविशारद बाईंनी १९२६ साली त्यांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे सव्वासहा फूट, लांबी सव्वाअकरा फूट. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात अगदी थोड्या जागेत शेकडो पाने कशी तयार होतात, हे त्यांनी नमुन्यादाखल डोळ्यांपुढे ठेविले होते. एकेक पाऊल वाचावे, हात लांबविला की वस्तू सापडावी, अशी ती रचना होती. आणि तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बसविण्यात आली. काम थोर होते यात शंका नाही. परंतु ते एकट्या बाईसाठी होते. त्या खोलीत दोघींना एकमेकींना ओलांडून जाणे कठीण, मग बसणे दूरच. त्या आखणीपूर्वी आपण स्वतः कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असे या बाईंनी पुढे मोकळेपणाने सांगून ठेविले आहे!

हाच प्रश्न आपल्या विदर्भात अगदी निराळ्या बाजूने हाताळला गेला. वर्ध्यास १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रचालक होते. तेथील मगनवाडीत १९४० नंतरच्या दशकात 'मगन चूल' तयार झाली: मातीची, बंदिस्त, एका जाळावर एकाहून अधिक भांडी शिजविणारी आणि धूर नळीवाटे घराबाहेर टाकणारी. फ्रांकफुर्टच्या बाईंनी पावले वाचविली, वर्ध्याने डोळे आणि छाती वाचविण्याचा विचार केला, आणि तोही गावच्या मातीत, गावच्या पैशात. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना काढली. त्यांतील पुष्कळ चुली धुराडे वेळोवेळी साफ न झाल्याने किंवा डागडुजी न झाल्याने मोडीत निघाल्या. या दोन्ही कथांतून आम्ही दोन बोध घेतले. एक, स्वयंपाकघर तेथे वावरणाऱ्या माणसांच्या संख्येस व वयास धरून असावे. दुसरा, जी वस्तू घरच्या माणसास पुसता, उघडता आणि दुरुस्त करता येत नाही ती बेताच्या पैशात घेऊ नये.

मग आम्ही कंत्राटदारास नम्रपणे नकार कळविला आणि एक आठवडा नुसते मोजण्यात घालविला. माजघराच्या दारावर पाटी टांगली. मुलांना खडू दिला. पाण्यासाठी अंगणात गेले की एक रेघ, दिवसा दिवा लावावा लागला की एक, कोणी वाकून किंवा टाचा उचलून वस्तू काढली की एक. मुलांना हा खेळ फार आवडला, आणि त्यांनी तो निर्दयपणे खेळला. आठवड्याअखेर असे दिसले की, पाण्याच्या खेपा दिवसाकाठी सरासरी ३८ होत आहेत. सकाळी आठ वाजतासुद्धा दिवा लागतो आहे. फोडणी पडली की तिघींपैकी एकजण खोकत बाहेर येते आहे. आणखी एक गोष्ट दिसली ती आमच्या अपेक्षेबाहेरची होती. सकाळी सहा ते दहा या वेळात स्वयंपाकघरात जी कामे होतात त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा काकू बसल्या जागी करीत होत्या. त्या देवघरात बसल्या असत्या तर तो तिसरा हिस्सा आम्हां दोघींच्या पाठीवर पडला असता. तेव्हा काकूंना जागा देणे ही त्यांच्यावरची मेहेरबानी नव्हे, हे पुरुषमंडळींना आम्ही हिशेबानेच पटवून दिले. माया पटवून देता येत नाही, हिशेब येतो.

या पाटीवरून खर्चाचा क्रम आपोआप ठरला: प्रथम हवा व उजेड, मग पाणी, मग उंची व बैठक, आणि शेवटी कपाटे. कंत्राटदाराच्या चित्रात हाच क्रम नेमका उलटा होता.

हवेचे शास्त्र साधे आहे. तापलेली हवा वर चढते. तेव्हा तिला जाण्यास वाट वर हवी, आणि तिच्या जागी येणाऱ्या हवेस वाट खाली हवी. खालची वाट नसेल तर वरचा पंखा नुसता गरगरतो, ओढीत काही नाही. आम्ही बंद केलेला झरोका पुन्हा उघडला. त्यावर दीड फूट उंचीची लोखंडी चौकट बसविली. तिच्या चारी बाजूंना तिरक्या पट्ट्या, म्हणजे हवा जाईल पण पाऊस येणार नाही. आणि माथ्यावर जाड काच, म्हणजे दिवसभर उजेड. शेगडीजवळच्या भिंतीत वरच्या अंगास धूर ओढणारा पंखा बसविला. समोरच्या भिंतीत जमिनीलगत जाळी लावून हवा येण्याची वाट ठेविली. ही खालची वाट आणखी एका कारणासाठी अवश्य आहे. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाली तर तो जमिनीलगत साचून राहतो, व खिडकी उघडल्याने तो निघून जातोच असे नाही. ज्या घरांत सिलिंडर ओट्याखाली कोंडून ठेविलेले असते त्यांनी एवढी तरी जाळी करून घ्यावी. या सर्वास, विजेच्या नव्या तारा व दिवे धरून, २४,००० रुपये लागले.

पाण्याचा प्रश्न आमच्याकडे शहरातल्यासारखा नाही. नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात तर तो कितव्या दिवशी येईल याचा नेम नसतो. तेव्हा ओट्यात भांडी घासण्याचे सुंदर कुंड बसवून भागत नाही; त्या कुंडाच्या नळामागे पाणी पाहिजे. धाब्यावर टाकी ठेवावी अशी सूचना आली. परंतु एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. ५०० लिटरांची टाकी म्हणजे पाच क्विंटल. जुन्या तुळयांवर ते ठेवणे शहाणपणाचे नव्हते. आम्ही अंगणात मोरीच्या बाजूस विटांचा स्वतंत्र चौथरा बांधून त्यावर टाकी बसविली. नळ आला की लहान पंप ती भरतो. पुढे पाणी आपल्या भाराने स्वयंपाकघरात येते, वीज असो वा नसो. भांडी विसळलेले पाणी परसातल्या अळूला जाते, आणि अळू बिचारे कोणत्याही तक्रारीवाचून वाढते. याचे २७,५०० रुपये झाले, आणि दिवसाच्या ३८ खेपांपैकी बहुतेक साऱ्या संपल्या. घडवंचीवरचा पिण्याच्या पाण्याचा माठ मात्र आहे तेथेच आहे.

ओट्याच्या उंचीसाठी आम्ही फूटपट्टीऐवजी शरीरच घेतले. सरळ उभे राहून हात कोपरात काटकोनात दुमडावा. चिरणे व लाटणे यांसाठी ओट्याचा पृष्ठभाग कोपरापासून सुमारे सहा इंच खाली असावा, कारण लाटताना अंगाचा भार वरून पडावा लागतो. शेगडीखालचा ओटा याहूनही खाली पाहिजे, कारण शेगडी व पातेले यांची उंची त्यावर आणखी चढते. आम्हां दोघींच्या मापांनी पहिली उंची ३२ इंच आली, दुसरी २८. म्हणून एकसलग ओट्याऐवजी दोन पायऱ्यांचा ओटा झाला. दिसण्यात तो थोडा विचित्र आहे हे आम्ही कबूल करतो. परंतु खांदे दुखण्याचे थांबले. वर काळा कडप्पा दगड घातला, कारण तो स्वस्त आहे, तापलेले भांडे सोसतो, आणि आठवड्यातून एकदा तेलाचा हात फिरविला की नव्यासारखा दिसतो.

आता काकूंची बैठक. खिडकीलगत पाच फूट लांब व अडीच फूट रुंद असा कट्टा बांधला. उंची १६ इंच, म्हणजे खुर्चीहून किंचित कमी. गुडघे दुखणाऱ्या माणसास बसण्या-उठण्यास ही उंची सोयीची पडते. भिंतीत धरण्यासाठी एक पितळी कडी बसविली. कट्ट्याच्या एका टोकास काकू मांडी घालून किंवा पाय सोडून बसतात. दुसऱ्या टोकास पाटा-वरवंटा कायमचा मांडलेला आहे. खाली पोकळी ठेवून त्यात कांदे, बटाटे व लसूण यांच्या टोपल्या. दोन्ही ओटे व हा कट्टा मिळून २७,००० रुपये लागले. काकूंना आधी काही सांगितले नव्हते. फक्त एके दिवशी मोजमापासाठी त्यांना विटांच्या रचलेल्या थरावर बसविले. त्या म्हणाल्या, "आणखी एक वीट काढ ग." एक वीट काढली. १६ इंच हे माप असे निघाले.

फरशी जुनीच शहाबादी आहे. ती उकलून, समपातळीत बसवून, फुटक्या तेवढ्या बदलल्या, त्यास ८,५०० रुपये. भिंतींना सिमेंटचा गिलावा करण्याचा आग्रह पुष्कळांनी केला. परंतु मातीची भिंत ओल घेते व सोडते. तिच्यावर सिमेंटचे कवच चढविले की ओल आत कोंडते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून चुना दिला, आणि शेगडीमागे मात्र दोन फुटांची फरशीची पट्टी लावली. मिळून ६,२०० रुपये. काळ्या तुळया झाकल्या नाहीत. घासून तेलपाणी केले. टांगती कपाटेही टाळली. आमच्या भागातील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यासवे जुन्या भिंती थोड्या हालतात, आणि अशा भिंतीवर क्विंटलभर सामान टांगणे बरे नव्हे. गोठा पडला तेव्हाची सागवानी दारे माळ्यावर होती. सुताराने त्यांतून जमिनीवर उभी राहणारी मांडणी व झाकणाचे फडताळ करून दिले, १४,०५० रुपयांत. गवंडी व मजूर यांची पंधरा दिवसांची मजुरी १८,७५० रुपये झाली.

या आकड्यांची बेरीज १,२६,००० होते. उरलेले १४,००० रुपये सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मागून घेऊन आपल्या ट्रंकेत ठेविले होते. त्यांचे म्हणणे असे की, जुन्या घराच्या कामात दहावा हिस्सा घर स्वतःच मागून घेते. आठव्या दिवशी घराने तो मागितला. झरोका उघडताना एका तुळईचे भिंतीतले टोक वाळवीने पोखरलेले सापडले. टेकू देऊन, खराब भाग कापून, लोखंडी पट्ट्यांनी जोड देण्यास ११,६०० रुपये लागले. खोटे छत बसविले असते तर ती वाळवी त्याखाली सुखाने नांदली असती.

भांड्यांविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. माळ्यावर तांब्यापितळेची भांडी होती: हंडे, घंगाळे, पराती, तपेली, कित्येकांवर नावे घातलेली, एका परातीवर 'शके १८८४' असे काकूंच्या लग्नाचे वर्ष. मोडीत घातली तर ओट्यावर चांगला महाग दगड येईल असे धाकट्या भावोजींच्या मनात आले. आम्ही दोघी याच्या विरुद्ध होतो, आणि काकूही रडतील असे आम्ही धरून चाललो होतो. काकूंनी सारी भांडी अंगणात मांडावयास सांगितली आणि काठीने निवड केली. "हे गळते. याला कल्हई लागेल. कल्हईवाला आता येतो कोठे? कल्हईवाचून यात ताक किंवा आमटी ठेवाल तर कळकेल. हे पुरणाला लागते, ठेव. ही परात रोजची आहे, ठेव. हा हंडा तीन वर्षांत कोणी काढला? जाऊ दे." अशा रीतीने ४१ किलो पितळ खामगावच्या बाजारात गेले. ते पैसे ओट्यासाठी घेण्यास मात्र त्यांनी साफ मना केले. "भांडी विकून दगड कसले आणता? मुलीला अमरावतीला गादी-कपाट लागेल, त्याला द्या." त्याप्रमाणे झाले. नव्या दगडावर पाणी सोडावे लागले याचे थोडे वाईट धाकट्या भावोजींना वाटले असेल. काकूंना वाटल्याचे दिसले नाही.

काम चालू असता पंधरा दिवस ओसरीवर एका शेगडीवर दहा माणसांचा स्वयंपाक झाला. वरणफळे, खिचडी, झुणका-भाकरी यांचीच आलटून पालटून पाळी. या दिवसांत एक गोष्ट अशी घडली की ती आम्ही योजिली नव्हती. ओसरीवर सर्वांच्या डोळ्यांदेखत स्वयंपाक होत असल्यामुळे, बसल्या बसल्या थोरल्या भावाने लसूण सोलण्यास घेतला. नवे स्वयंपाकघर झाल्यावरही ती सवय राहिली. कारण आता तेथे बसावयास कट्टा आहे. पूर्वी पुरुषमाणूस आत आला तर त्याने उभे कोठे राहावे हा प्रश्न असे, आणि तो 'काय पाहिजे?' असे विचारले जाण्यापूर्वीच परत जाई. आता संध्याकाळी एक मूल काकूंजवळ पाढे म्हणते, थोरले शेंगा सोलतात, आणि आमच्यातील जिची पाठ दुखत असेल ती कणीक तेथे बसून मळते. सणावारी पुरणावरणाच्या दिवशी सात माणसे त्या खोलीत मावतात. ३,८५,००० रुपयांच्या चित्रात ती मावली नसती.

काय राहिले तेही सांगितले पाहिजे. मिक्सर जुनाच आहे, शेगडी जुनीच आहे. सरकते खण नाहीत. माळ्यावर चढण्यास अजून तीच डगमगती शिडी आहे. धाब्यावर दरवर्षी पावसाआधी माती टाकावी लागते ती लागणारच. दोन पायऱ्यांच्या ओट्यास हसणारे पाहुणे येतील. एक-दोन येऊनही गेले. उरलेल्या २,४०० रुपयांतून काकूंच्या कट्ट्यासाठी एक जाड गादी शिवली, आणि एक चांगली विळी आणली.

ज्या भगिनींच्या घरी असा विचार चालू असेल त्यांना आमचे सांगणे इतकेच की, कंत्राटदारास बोलाविण्यापूर्वी एक आठवडा पाटीवर रेघा मारून पाहाव्या. त्यास खर्च नाही. घरातील सर्वांत ठेंगणी बाई कोण, सर्वांत म्हातारी कोण, आणि सर्वांत अधिक वेळ तेथे कोण असते, या तिन्ही नावांची नोंद करावी व मापे त्यांचीच घ्यावी. पैसा प्रथम झरोक्यास द्यावा, मग नळास, मग ओट्यास, कपाटे शेवटी. दहावा हिस्सा ट्रंकेत ठेवावा. आणि घरातील वडील बाई 'मला आता नको' असे म्हणाली, तर ते वाक्य लगेच मान्य करू नये; तिला आधी दोन-चार विटांवर बसवून पाहावे.